फळ फुकटचे, साखर विकतची: परसातल्या फळांचे जॅम, जेली आणि चटण्या

डिचोलीहून एका ताईंनी विचारले आहे: परसात पेरूचे झाड आहे, बिंबल (बिलिंबी, बोटाएवढे आंबट फळ) आहे, करमलाचे (स्टारफ्रूटचे) आहे, पपई तर आपोआपच उगवते. सगळे खाऊन संपत नाही, शेजाऱ्यांना देऊनही उरते. पेरूचा जॅम केला तो पाकासारखा पातळ राहिला. पपईचा छान घट्ट झाला, पण जुलैत बाटली उघडली तर वर बुरशी. आता पेक्टिनची पावडर मागवू का, साखर कमी केली तर चालेल का, आणि मुळात हे सगळे परवडते का? शिवाय बिंबल-करमलाचे काय करावे?

परवडण्याचे आधी बोलते, कारण बाकीची उत्तरे त्याच हिशेबातून निघतात. एक किलो पेरूच्या गराला पाऊण किलो साखर लागते. साखर किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास धरली तर चौतीस रुपये. मोठा बर्नर तासाला साधारण २०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे तासाभराचे दहा-बारा रुपये. सायट्रिक ॲसिडचे रुपया-दोन रुपये. एवढ्यात सव्वा किलो जॅम होतो. दुकानातल्या अर्ध्या किलोच्या बाटलीची किंमत आठवा आणि तुलना करा. पण यात बाटल्या धरलेल्या नाहीत. नव्या काचेच्या पाच बाटल्या घेतल्या तर त्यांचाच खर्च साखर, गॅस आणि बाकी सगळ्यापेक्षा जास्त होतो. आणि फळही विकत आणले तर बचत जवळजवळ संपते. तेव्हा स्वस्तातला जॅम तो परसातल्या, कुळागरातल्या किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपार कलल्यावर ढीग स्वस्त होतो त्या फळाचा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणून गोव्यात जॅम करणे ही हौस आहे, काटकसर नव्हे. मानकुरादचेही तेच. हंगामाच्या सुरुवातीला डझनाला हजारांत जाणारा आंबा कढईत घालणाऱ्याला मी हात जोडते. मंगाडासाठी, म्हणजे आंब्याच्या जॅमसाठी, मुसराद आहे, रायवळ आहे, घोटे आहेत; ते आटवल्यावर अधिक छान लागतात.

म्हणजे तुमच्या खिशातून जाते ती साखर. एक घाणा बिघडला की फळाचे काही नाही, साखर आणि गॅस गेला. म्हणून काटकसर कमी साखर घालण्यात नसून घातलेली साखर वाया जाऊ न देण्यात आहे, आणि त्यासाठी जॅम कशाने घट्ट होतो ते नीट समजले पाहिजे.

तीन गोष्टी एकत्र लागतात: फळातले पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. साखर साधारण ६५ टक्क्यांवर गेली आणि आंबटपणा पुरेसा असला, म्हणजे सामू (pH; आकडा जितका कमी तितके आंबट) तीन ते सव्वातीनच्या आसपास, की पेक्टिनचे धागे एकमेकांना धरतात आणि जाळे तयार होते. यातली एक गोष्ट कमी पडली तर बाकीच्या दोन कितीही वाढवा, पाकच राहतो. तुमच्या पेरूचे काय झाले ते मला तुमच्या एका वाक्यातून कळले: “खूप पिकलेले होते म्हणून जॅमला घेतले.” घरभर वास सुटलेला मऊ पेरू खायला उत्तम, पण पिकताना फळ मऊ होते ते पेक्टिन मोडल्यामुळेच. कच्च्याकडे झुकलेल्या, पोपटी-पिवळ्या, दाबल्यावर न दबणाऱ्या पेरूत ते भरपूर असते. वास पिकलेल्यात, धरण्याची ताकद करकरीत फळात. म्हणून दोन्ही घ्यायचे: तीन वाटे नुकते पिकलेले आणि एक वाटा कच्चट. मऊ पडलेले एकदोन चवीपुरते. आणि पावसाळ्यातला पेरू चिरून बघितल्याशिवाय घेऊ नका, त्यात फळमाशीच्या अळ्या असतातच. थंडीतला पेरू स्वच्छ असतो. माझा मोठा घाणा नेहमी डिसेंबर-जानेवारीतला.

पेक्टिनची पावडर मागवू नका. चांगली असते, पण महाग आहे, आणि आपल्याकडे निसर्गाने ती परसातच टांगून ठेवली आहे. करकरीत पेरू, एप्रिलमधले तोर (कच्च्या कैऱ्या), अर्धकच्ची करवंदे, चतुर्थीच्या सुमारास येणाऱ्या पपनसाच्या सालीखालचा जाड पांढरा थर ही सगळी पेक्टिनची कोठारे आहेत. फणसाचे गरे काढल्यावर मधल्या ज्या चिवट पात्या आणि चारखंडांच्या (काटेरी सालीच्या) आतला गाभा आपण गुरांना घालतो त्यातही ते भरपूर असते. यातले जे हाताशी असेल ते चिरायचे, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात अर्धा तास शिजवायचे, मलमलीतून गाळायचे आणि ते पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचे. पुढे अननस, पिकलेला आंबा, पपई, चिकू अशा दुबळ्या फळांचा जॅम करताना किलोमागे एक-दोन वाट्या हे पाणी घातले की काम झाले. चव लपवायची असेल तर तोराचे पाणी पेरूपेक्षा बरे. पेरूचा वास सगळ्यांवर मात करतो.

आपल्या रसात पेक्टिन पुरेसे आहे का हे साखर घालण्याआधी तपासता येते. गार केलेला एक चमचा रस पेल्यात घ्या, त्यात दोन-तीन चमचे स्पिरिट घाला, हलकेच फिरवा आणि पाच मिनिटे थांबा. एकच घट्ट गोळा जमला तर पेक्टिन भरपूर, तीन-चार मोठे तुकडे झाले तर मध्यम, नुसते बारीक कण दिसले तर कमी. भरपूर असेल तर रसाच्या वजनाएवढी साखर पेलते, मध्यम असेल तर पाऊणपट, कमी असेल तर आधी वरचे पाणी घाला किंवा आणखी आटवा. कसोटी झाली की पेला ओतून द्या. ते विष आहे, चाखायचे नाही आणि भांड्यात परत घालायचे नाही. दरवेळी कोणीतरी विचारतेच म्हणून सांगते: घरातल्या फेणीने ही कसोटी होत नाही. फेणीत अल्कोहोल चाळीस-बेचाळीस टक्के, इथे त्याहून बरेच तीव्र लागते. ती ज्यासाठी आहे त्यासाठीच ठेवा.

आता पेरूवर जरा थांबते, कारण काटकसरीचा राजा हाच. एकाच पेरूतून दोन पदार्थ निघतात, आधी जेली, मग पेराद (पेरूची वडी).

दोन किलो पेरू धुऊन, साल-बिया न काढता, पातळ चकत्या करा. स्टीलच्या जाड बुडाच्या भांड्यात घालून वर बोटभर येईल इतके पाणी आणि किलोला दोन-तीन ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला. मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे शिजवा. मधे फार ढवळू नका, लगदा करायचा नाही. मग जुन्या धुवट मलमलीत ओतून रात्रभर टांगून ठेवा. पिळायचे नाही. पिळले की वाटीभर रस जास्त मिळतो आणि जेली गढूळ होते. तेवढा लोभ आवरा, तो रस पुढच्या कामाला येणारच आहे. सकाळी खाली जमलेला रस मोजा, वर सांगितलेली कसोटी घ्या, साखर घाला आणि पसरट भांड्यात मोठ्या आचेवर झपाट्याने आटवा. वर येणारी साय शेवटी एकदाच काढा. तांबूस, आरपार दिसणारी जेली मिळेल.

फडक्यात उरलेला गर टाकायचा नाही. तो पुरणयंत्रातून काढा, बिया मागे राहतील. त्यातले थोडे पेक्टिन आणि बराच वास जेलीत गेलेला असतो, म्हणून पाव किलो ताज्या पेरूचा गर त्यात मिसळा. गराच्या वजनाच्या पाऊणपट साखर, एका लिंबाचा रस, आणि मग हात दुखेपर्यंत ढवळणे. लांब दांड्याचे लाकडी उलथणे घ्या आणि हाताला फडके गुंडाळा, कारण शेवटी याचे थेंब उडतात आणि चटका चांगलाच बसतो. गोळा कडा सोडून एकत्र फिरू लागला की चमचाभर लोणी घाला, लोणी लावलेल्या ताटात थापा, निवल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडा. नाताळच्या कुस्वारातली (फराळाच्या ताटातली) पेराद ती हीच. पेराद म्हणजे इतकी आटलेली की हवाबंद डब्यात बटरपेपरच्या थरांत महिना-दोन महिने आरामात राहते. बाटली लागत नाही हा तिचा मोठा गुण. आपल्या हिशेबातला सगळ्यात जड खर्च त्यात नाहीच.

जॅमचा नियम जेलीहून एवढाच वेगळा की गर सगळा आत राहतो. पण क्रम चुकवू नका. फळ आधी साखरेशिवाय पूर्ण मऊ शिजवा, आंबटपणाही तेव्हाच घाला, साखर नंतर. साखर आधी पडली की साल आणि तुकडे चिवट होतात आणि पेक्टिन पुरते सुटत नाही. साखर विरघळेपर्यंत आच मंद, त्यानंतर जेवढी मोठी करता येईल तेवढी. साखर घातल्यावर वीस मिनिटांत जॅम उतरला पाहिजे. तासभर रटरटत ठेवलेल्या जॅममधले पेक्टिन उष्णतेने तुटते, रंग काळपट होतो, आणि मग “इतका आटवला तरी बसत नाही” अशी तक्रार येते. म्हणूनच एका वेळी किलो-दीड किलोच्या वर गर घेऊ नका. पाच किलो एकदम करून गॅस वाचतो हा भ्रम आहे. घरच्या बर्नरला तेवढे झेपत नाही.

थांबायचे कुठे, हा खरा प्रश्न. थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ अंश. गोवा समुद्रसपाटीला असल्याने यात वजाबाकी करावी लागत नाही. फ्रीजरमध्ये गार केलेल्या स्टीलच्या ताटलीवर थेंब टाकून, बोटाने ढकलून सुरकुती बघण्याची पद्धतही चालते, पण त्या दोन मिनिटांत गॅस बंद करायचा हे बायका विसरतात आणि परीक्षा होईपर्यंत जॅम पुढे निघून जातो. माझा भरवसा वजनकाट्यावर. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा थर्मामीटरपेक्षा जास्त कामाचा आहे आणि तो इतर वेळीही लागतो.

पद्धत अशी. रिकाम्या भांड्याचे वजन आधी लिहून ठेवा, समजा ९०० ग्रॅम. गर एक किलो, साखर ७५०. पेरूच्या गरात स्वतःची साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ मिळून १०० ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे भांड्यात एकूण ८५०. हे ८५० ग्रॅम तयार जॅमच्या ६८ टक्के व्हायला हवेत, म्हणजे जॅमचे वजन १२५० ग्रॅम. तेव्हा भांड्यासकट काटा २१५० दाखवू लागला की जॅम झाला. शिजवताना पाणी किती घातले याचा यात काही संबंध नाही, ते उडूनच जाणार. जेलीच्या रसात गर नसतो, म्हणून तिथे अजून सोपे: साखरेच्या दीडपट वजन झाले की उतरवा. ७५० ग्रॅम साखर, ११२५ ग्रॅम जेली. काट्यावर गरम भांडे ठेवताना खाली लाकडी पाट घ्या आणि त्याचे वजन वजा करा, नाहीतर प्लास्टिकचा काटा वितळेल.

तुमच्या पातळ पेरू-जॅमचे अजून बरे होऊ शकते. किलोमागे दोन वाट्या कच्च्या पेरूचे किंवा तोराचे पाणी आणि एका लिंबाचा रस घालून, मोठ्या आचेवर पुन्हा वजनाला आणा. एकदाच. तरी बसला नाही तर तिसऱ्यांदा गॅस जाळू नका, त्याला पाक म्हणा आणि सरबताला किंवा पोळ्यावर घाला. आणि जॅममध्ये साखरेचे खडे धरत असतील तर उलटी खूण: आंबट कमी पडले किंवा फार आटला. आंबटात शिजताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, तेवढा फुटला की ती परत खडे धरत नाही.

पपईकडे येऊ. पपई नुसती गोड. तिचा सामू पाचच्याही वर असतो. केळे, चिकू, रसाळ फणस, अंजीर याच जातकुळीतले. यांचा जॅम आंबट न घालता केला तर चव सपक होते एवढेच नव्हे, तो सुरक्षितही राहत नाही. पपईच्या किलोभर गराला एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, सायट्रिक ॲसिड घालायलाच हवे. लिंबाचा रस वापरायचा तर ऐंशी मिलिलिटरच्या आसपास, पण एप्रिल-मेमध्ये लिंबांचा भाव बघून मी ॲसिडची पुडीच घेते. तुमच्याकडे तर तिसरा उपाय झाडावर आहे. पिकलेली पपई एक किलो आणि बिंबले दीडशे ग्रॅम, सोबत दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड. आंबट मिळते आणि पपईचा तो ओळखीचा वास दबतो. भिरंडांच्या (कोकमांच्या) दिवसांत ताज्या भिरंडाच्या साली बारीक करून घाला, रंग असा येतो की कोणी पपई ओळखत नाही.

बुरशीचे कारण मात्र बहुधा फळात नव्हते, बाटली भरण्यात होते. जॅम कोमट झाल्यावर भरला, झाकण लावले, आत वाफ धरली, ती झाकणाच्या आतून थेंब होऊन वरच्या थरावर पडली. त्या पातळ थरातली साखर उतरली, आणि जून-जुलैच्या आपल्या हवेत बुरशीला तेवढे पुरते. म्हणून जॅम उतरवल्यावर लगेच, ८५ अंशांच्या खाली जाण्याआधी, गरम बाटलीत भरायचा. बाटल्या दहा मिनिटे पाण्यात उकळून घ्या आणि ओव्हन असेल तर ११० अंशांवर वाळवा; पावसात ओट्यावर उपड्या ठेवलेल्या बाटल्या दुपारपर्यंत ओल्याच असतात. कडेपासून अर्धा सेंटिमीटर जागा सोडा, कड गरम फडक्याने पुसा, झाकण लावा. पावसाळ्यापर्यंत टिकवायच्या असतील तर मोठ्या पातेल्यात तळाला फडके घालून भरलेल्या बाटल्या पूर्ण बुडतील अशा ठेवून दहा मिनिटे उकळा. बाटल्या उलट्या करून ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. झाकणाला जॅम चिकटतो, आणि काही गळले तर कळत नाही.

बाटल्या जुन्या चालतात, झाकणे जुनी चालत नाहीत. हा माझा एकच हट्ट आहे. आतल्या रबरी थरावर लोणच्याचा वास आणि चरे राहतात, शिवाय आपल्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो. घाऊक दुकानात नुसती झाकणे मिळतात, ती मापाने आणा. आणि किलोच्या एका बाटलीपेक्षा दोनशे ग्रॅमच्या पाच बऱ्या. उघडलेली बाटली आठवड्या-दोन आठवड्यांत संपते आणि ओला चमचा एकाच बाटलीला बाधतो. ज्या बाटलीवर बुरशी आली ती संपूर्ण टाकायची. वरचे खरवडून खालचे खाणे आपल्या आज्यांनी केले असेल, पण बुरशीची विषे खालपर्यंत उतरलेली असू शकतात.

साखर कमी करण्याबद्दल: करता येते, पण मग तो टिकाऊ जॅम राहत नाही. किलोला चारशे-पाचशे ग्रॅम घातलीत तर फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा, आणि थोडाच करा. त्यात वाईट काही नाही; फक्त तो बाहेर फडताळात ठेवून “बिघडला” म्हणू नका. मधुमेह असलेल्यांसाठी मी जॅम सुचवतच नाही. गुळाचा जॅम अनेकींना हवा असतो. गूळ करताना रस निवळायला चुना वापरतात, त्यामुळे तो फळाचा आंबटपणा मारतो. गूळ घातलात तर आंबट वाढवा, रंग काळा येणार हे धरून चाला. माडाचा काळा गूळ मी जॅमला अजिबात घालत नाही. त्याची जागा चटणीत, आणि तिथेही चवीपुरतीच, कारण तो स्वस्त नाही.

चटणी हा नवशिक्याने आधी हात घालावा असा प्रकार आहे. इथे काही बसावे लागत नाही. पेक्टिनची कटकट नाही, फळ डागाळलेले, आकाराने वेडेवाकडे, कमीजास्त पिकलेले चालते. एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात तोरांचा सडा पडतो, त्यातले न फुटलेले उचला आणि त्याच दिवशी करा. उद्यावर टाकले तर मार लागलेली जागा काळी पडते. साल-बाठ काढून एक किलो फोडी होतील असे घ्या. तीस ग्रॅम मीठ लावून दोन तास ठेवा. त्यात सहाशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम माडाचा गूळ, चाळीस ग्रॅम आले, वीस ग्रॅम लसूण, दोन चमचे तिखट, आणि लवंग-दालचिनी-मिऱ्यांची फडक्यातली पुरचुंडी. विनेगर एकूण पाव लिटर, पण अर्धे सुरुवातीला आणि अर्धे शेवटच्या दहा मिनिटांत. सगळे आधी घातले तर वास उडून जातो. मंद आचेवर, जॅमच्या उलट, सावकाश. चमच्याने तळाशी रेघ ओढली आणि मागे पातळ पाणी धावत आले नाही की झाली. वजन दीड किलोच्या आसपास भरेल. बाटलीत महिनाभर मुरू द्या. ताजी चटणी विनेगरचा फटका मारते, ती चाखून निराश होऊ नका.

तिखटाला ब्याडगी घ्या. खोलची किंवा हरमलची मिरची साखर आणि विनेगरमध्ये बुडवणे म्हणजे तिचा अपमान आणि आपल्या पैशांचाही. कॉर्नफ्लॉवर घालून दाट करू नका, ओला नारळ तर नकोच. त्या चटण्या त्याच दिवशीच्या.

विनेगरबद्दल एक इशारा. सुरेचे, म्हणजे माडीचे, विनेगर चवीला अप्रतिम, पण घरच्या किंवा ओळखीच्या माणसाकडच्या विनेगरची ताकद दर खेपेला वेगळी असते. तोर, बिंबल, आंबाडे अशा मुळातच जहाल आंबट फळांना ते बिनधास्त वापरा. अननस, पपई, टोमॅटो, कांदा असलेल्या वर्षभराच्या चटणीला मात्र लेबलवर चार टक्के किंवा अधिक आम्लता लिहिलेले बाटलीबंद घ्या. भांडे स्टीलचे किंवा न टवकलेल्या मुलाम्याचे. ॲल्युमिनियम, पितळ, कल्हई गेलेले तांबे यांत आंबट शिजवले की धातू उतरतो.

बिंबलांत पाणी फार. चिरून, मीठ लावून, एक दिवस कडक उन्हात ठेवा, मग वरच्याच मापाने करा, विनेगर निम्मे आणि साखर शंभर ग्रॅम जास्त. करमले पिवळी झाल्यावर, कंगोऱ्यांच्या तपकिरी कडा कापून, आडव्या चकत्या करून घाला. ती लवकर विरघळतात म्हणून आले-लसूण आधी साखरेत शिजवून घ्या. काजूच्या हंगामात बोंडूंची चटणी करून बघा. भट्टीवाल्यांना नको असलेले बोंडू कोणीही देते, फक्त ते पडल्या दिवशीच वापरावे लागतात. घशाला लागू नये म्हणून फोडी दोन टक्के मिठाच्या पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पाणी फेकायचे. मेअखेरीस जांभळे आणि करवंदे एकदम येतात: जांभळाला रंग आणि चव, करवंदाला पेक्टिन आणि आंबट, निम्मी-निम्मी घेतली की बाहेरचे काही लागत नाही. करवंदांचा चीक जायला ती तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा.

बिंबल आणि करमल यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. दोन्हींत ऑक्झलेट खूप असते. बिंबलांचा रस भरपूर प्यायल्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे केरळात नोंदली गेली आहेत, आणि करमलात शिवाय असा एक घटक असतो जो निकामी मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करतो. धडधाकट माणसाने जेवणात चमचाभर चटणी खाल्ली तर चिंता नाही. पण किडनीचा आजार असलेल्याने, डायलिसिस चालू असलेल्याने यातले काहीही खाऊ नये, करमल तर चाखूही नये. तुम्ही शेजारीपाजारी बाटल्या वाटणार आहात असे लिहिले आहे. झाकणावर तारखेबरोबर फळाचे नाव ठळक लिहा आणि या दोन फळांच्या बाटल्या देताना घरात कोणाला किडनीचा त्रास आहे का हे तोंडाने विचारा.